दगडात कोरलेली तोहमत

लंडन शहरात टेम्स नदीवरच्या लंडन ब्रिजच्या उत्तर टोकाजवळ एक जुना दगडी स्तंभ उभा आहे. आज तो उंच कचेऱ्यांच्या गर्दीत झाकला गेला आहे. या स्तंभाला कुणा राजाचे वा सेनापतीचे नाव नाही. लंडनकर त्याला नुसते 'मॉन्युमेंट', म्हणजे 'स्मारक' असे म्हणतात. जवळच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनलाही तेच नाव आहे. स्तंभाची उंची २०२ फूट. आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना आणि माथ्यावर सोनेरी मुलामा दिलेल्या ज्वाळांचा कलश. स्तंभापासून पूर्वेकडे बरोबर २०२ फुटांवर पुडिंग लेन नावाच्या गल्लीत एक बेकरी होती. स्तंभ त्या दिशेला आडवा केला, तर त्याचे टोक बेकरीच्या जागेवर जाऊन टेकेल, असा हिशेब करूनच ही उंची ठरवली होती. त्या बेकरीत १६६६ साली लागलेल्या आगीत लंडन शहर जळून गेले. त्या आगीची ही आठवण आहे.

पर्यटक जिना चढून वर जातात, शहर पाहतात आणि खाली उतरतात. मला मात्र या स्तंभाचा पायथा अधिक महत्त्वाचा वाटतो. चौथऱ्याच्या उत्तर बाजूला आगीची हकीकत सांगणारा लॅटिन शिलालेख आहे. त्या लेखाच्या शेवटी एके काळी आणखी एक ओळ होती. ती १६८१ साली कोरली गेली, १६८५ च्या सुमारास खोडली गेली, १६८९ मध्ये पुन्हा कोरली गेली आणि १८३० च्या ठरावाने कायमची काढून टाकण्यात आली. शहर जाळणारा कॅथलिकांचा उन्माद अजून विझलेला नाही, असा त्या ओळीचा आशय होता. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे या स्मारकाने देशातल्या एका अल्पसंख्य समाजावर शहर जाळल्याचा आरोप ठेवला. आरोप खोटा होता. त्याला पुरावा नाही, हे राज्यकर्त्यांना आगीनंतरच्या काही महिन्यांतच कळून चुकले होते. तरीही तो दगडावर चढला. तो कसा चढला आणि उतरायला इतका काळ का लागला, हे समजून घेण्यासारखे आहे.

चार दिवसांची आग

२ सप्टेंबर १६६६, रविवारची पहाट. थॉमस फॅरिनर हा राजाच्या आरमाराला खलाशांची टिकाऊ बिस्किटे पुरवणारा बेकरीवाला. रात्री त्याच्या बेकरीत आग लागली. घरची माणसे वरच्या खिडकीतून शेजारच्या घरावर उतरली आणि वाचली. मोलकरणीचा धीर झाला नाही. ती मागे राहिली आणि या आगीचा पहिला बळी ठरली. तिचे नाव इतिहासाने नोंदवलेले नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा फार कोरडा गेला होता. पूर्वेकडून जोराचा वारा सुटला होता. घरे लाकडाची आणि डांबर फासलेली. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, त्यामुळे समोरासमोरची घरे जवळजवळ एकमेकांना टेकलेली. गल्लीच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या वखारी होत्या. त्यांत तेल, चरबी, राळ, ताग आणि कोळसा भरलेला. आग तिथे पोहोचली आणि मग ती कुणाच्या हातात राहिली नाही. आगीच्या वाटेतली घरे पाडून मोकळी जागा करणे हाच त्या काळी आग रोखण्याचा खात्रीचा उपाय होता. पण घरमालकांच्या संमतीवाचून घरे पाडायला महापौर थॉमस ब्लडवर्थ सुरुवातीला धजला नाही. आग किरकोळ आहे असे समजून तो झोपायला घरी निघून गेला. सॅम्युएल पीप्स या आरमार खात्याच्या अधिकाऱ्याने राजवाड्यावर जाऊन राजाला खबर दिली, तेव्हा घरे पाडण्याचा हुकूम निघाला. तोवर उशीर झाला होता.

रविवार ते बुधवार शहर जळत राहिले. १३,२०० घरे, ८७ चर्च, व्यापाऱ्यांची बाजारपेठ आणि सेंट पॉलचे जुने कॅथीड्रल जळाले. तटाच्या आतल्या शहराचे सहापैकी पाच भाग राख झाले. अधिकृत नोंदीत मृतांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. गोरगरिबांची गणती तेव्हा कोण करणार? बेघर झालेल्यांचा आकडा मात्र पाऊण ते एक लाखाच्या घरात होता. ही माणसे शहराबाहेरच्या मैदानांवर उघड्यावर पडली. त्याच्या आदल्याच वर्षी, १६६५ मध्ये, प्लेगने लंडनमधली ६८,००० हून अधिक माणसे नेली होती. हा फक्त सरकारी आकडा. अशा खचलेल्या शहरावर ही आग कोसळली.

या चार दिवसांत राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा धाकटा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, हे दोघेही रस्त्यावर उतरले होते. आग विझवण्याच्या कामाची सूत्रे जेम्सच्या हाती दिली होती. तो घोड्यावरून गल्लोगल्ली फिरला, ठाणी उभारली, घरे पाडून घेतली. या जेम्सचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

आगीच्या पुढे धावलेली अफवा

आग वाऱ्याच्या वेगाने पसरत होती आणि अफवा तिच्याही पुढे धावत होती. इंग्लंडचे त्या वेळी हॉलंडशी युद्ध चालू होते आणि फ्रान्स हॉलंडच्या बाजूने उतरला होता. ऑगस्ट १६६६ मध्ये इंग्रज आरमाराने हॉलंडच्या किनाऱ्याजवळचे एक गाव आणि शेकडेक व्यापारी जहाजे जाळली होती. लंडनमध्ये त्या विजयाचा आनंद साजरा झाला होता. तीनच आठवड्यांनी स्वतःचे शहर पेटले, तेव्हा लोकांच्या मनात पहिला विचार सूडाचा आला. आपण जे केले तेच आपल्याला कुणी तरी करत आहे, ही भीती त्यामागे होती.

त्यात धर्माचा धागा मिसळला. इंग्लंडने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी संबंध तोडला होता. तेव्हापासून देशातले कॅथलिक हे राजाशी निष्ठा नसलेले, परक्या सत्तेचे लोक मानले जात. १६०५ मध्ये काही मोजक्या कॅथलिकांनी दारू ठासून पार्लमेंट उडवण्याचा कट केला होता. तो कट खरा होता. पण त्या मूठभर माणसांच्या गुन्ह्याची किंमत पुढच्या सगळ्या पिढ्यांनी मोजली. दर ५ नोव्हेंबरला त्या कटाची आठवण कायद्याने साजरी केली जाई. त्यामुळे साठ वर्षांनी शहर पेटले, तेव्हा गुन्हेगार कोण याचा शोध घेण्याची कुणाला गरजच वाटली नाही. उत्तर आधीच तयार होते.

फ्रेंच आणि डच माणसे रस्त्यावर मार खाऊ लागली. एका फ्रेंच माणसाला लोहाराने लोखंडी कांबीने खाली पाडल्याचे एका शाळकरी मुलाने पाहिले आणि पुढे लिहून ठेवले. मूरफील्ड्सच्या मैदानात एका फ्रेंच माणसाच्या पेटीत आगीचे गोळे सापडले म्हणून जमाव त्याच्यावर तुटून पडला. ते टेनिसचे चेंडू होते. लंडनमध्ये दुकाने थाटून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या परदेशी लोकांना जीव मुठीत धरून लपावे लागले. स्पेनच्या राजदूताने आपल्या वाड्याचे दरवाजे त्यांना उघडे केले. तो स्वतः कॅथलिक होता आणि त्याच्याकडे आसऱ्याला आलेल्यांत प्रॉटेस्टंट डचही होते, ही गोष्ट सांगितली पाहिजे.

आग विझल्यावर राजा मूरफील्ड्सला गेला. उघड्यावर बसलेल्या निर्वासितांना त्याने सांगितले की, ही आग कुणाच्या कटातून लागलेली नाही, ती ईश्वराच्या हातून आली आहे. राजाने असे जाहीरपणे सांगणे ही मोठी गोष्ट होती. पण ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना देवाचे नाव पुरत नाही. ज्याला हात लावता येईल असा गुन्हेगार त्यांना हवा होता.

एका घड्याळजीची कबुली

तो मिळाला. रॉबर्ट ह्यूबर्ट त्याचे नाव. फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या घड्याळजीचा हा मुलगा, वय सुमारे २६ वर्षे. तो लंडनबाहेर एसेक्स परगण्यात पकडला गेला आणि आग मीच लावली अशी कबुली त्याने दिली. पहिल्या कबुलीत त्याने वेस्टमिन्स्टरजवळ आग लावल्याचे सांगितले. वेस्टमिन्स्टरपर्यंत आग पोहोचलीच नव्हती. मग कबुली बदलली. आता त्याने काठीच्या टोकाला आगीचा गोळा लावून तो फॅरिनरच्या बेकरीच्या खिडकीतून आत सारला होता. बेकरीला तशी खिडकीच नव्हती. कटात सामील असलेल्यांची संख्याही त्याच्या सांगण्यात बदलत गेली. तो अंगाने अधू होता आणि मनाने ठिकाणावर नव्हता. त्याला पोपचा हस्तक म्हटले गेले, पण त्याला ओळखणाऱ्या फ्रेंच लोकांनी तो प्रॉटेस्टंट घरातला असल्याचे सांगितले.

त्याच्या विरुद्ध एक गोष्ट होती, तीही नोंदवायला हवी. त्याला जळक्या ढिगाऱ्यात नेले, तेव्हा बेकरीची जागा त्याने दाखवली. लोकांना एवढे पुरेसे वाटले. आग कुठून सुरू झाली हे त्या वेळी लंडनमध्ये कुणाला ठाऊक नव्हते, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

खटला चालला. आरोपपत्रावर सह्या करणाऱ्यांत फॅरिनर कुटुंबातले तिघे जण होते. रात्री भट्टी नीट विझवली होती असे फॅरिनर शपथेवर सांगत होता. ह्यूबर्ट दोषी ठरला, तर फॅरिनर निर्दोष ठरणार होता. ज्याच्या घरातून आग निघाली त्याच्याच घरची माणसे दुसऱ्याला गुन्हेगार ठरवायला पुढे आली आणि न्यायालयाला त्यात वावगे वाटले नाही. २७ ऑक्टोबर १६६६ रोजी टायबर्न येथे ह्यूबर्टला फाशी देण्यात आले. तो ज्या जहाजाने आला त्याच्या कप्तानाचे म्हणणे नंतर पुढे आले. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी ह्यूबर्ट लंडनच्या धक्क्यावर उतरला होता.

राज्याचा चॅन्सलर लॉर्ड क्लॅरेंडन याने पुढे लिहून ठेवले आहे की, तो दोषी आहे असे न्यायाधीशांना किंवा तिथे हजर असलेल्या कुणालाही वाटत नव्हते. जगण्याला कंटाळलेला एक भ्रमिष्ट माणूस असेच सगळ्यांचे मत होते. तरीही त्याला सोडले नाही, कारण त्याने कबुली दिली होती. सर्वांना तो निर्दोष वाटत होता आणि सर्वांनी मिळून त्याला फासावर चढवले. कबुली हाती आल्यावर पुरावा शोधण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत, ही न्यायसंस्थेची जुनी खोड आहे.

चौकशी काय म्हणाली

राजाच्या प्रिव्ही कौन्सिलने चौकशी केली. जोराचा वारा, कोरडा मोसम आणि ईश्वराची इच्छा याखेरीज आगीचे दुसरे कारण आढळत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. पार्लमेंटनेही एक समिती नेमली. समितीपुढे लोक रांगा लावून आले. कुणी एका फ्रेंच माणसाला संशयास्पद बोलताना ऐकले होते, कुणी एका कॅथलिक शेजाऱ्याला आगीची भाकिते करताना ऐकले होते. समितीने जानेवारी १६६७ मध्ये ही सगळी सांगोवांगी पार्लमेंटपुढे ठेवली. तिच्यातून कट सिद्ध झाला नाही आणि पुढच्याच महिन्यात अधिवेशन तहकूब झाले.

परंतु त्या साक्षी छापून बाहेर आल्या. छाननी न झालेल्या, उलटतपासणीला न उतरलेल्या साक्षी पुस्तिकेच्या रूपाने हातोहात फिरल्या. पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलेले म्हणजे खरेच, असे वाचणाऱ्याने धरले. निष्कर्ष कुणी वाचला नाही, आरोप सगळ्यांनी वाचले. त्याआधीच, नोव्हेंबर १६६६ मध्ये, पार्लमेंटच्या आग्रहावरून राजाने कॅथलिक धर्मगुरूंनी देश सोडावा असा जाहीरनामा काढला होता. गुन्हा सिद्ध होण्याआधी शिक्षा सुरू झाली होती.

स्तंभ उभा राहतो

१६६७ च्या कायद्याने लंडन पुन्हा बांधायचे ठरले. घरे विटांची किंवा दगडाची असावीत, रस्ते रुंद करावेत, खर्चासाठी शहरात येणाऱ्या कोळशावर कर बसवावा आणि या आपत्तीची कायमची आठवण म्हणून एक स्तंभ उभारावा, असे त्यात होते. याच सुमारास, १६६८ मध्ये, याच दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या करारात मिळालेले मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. लंडनची राख उपसली जात होती, तेव्हाच आपल्या मुंबईचे भवितव्य असे ठरत होते.

स्तंभाचे काम १६७१ ते १६७७ असे चालले. सर ख्रिस्तोफर रेन आणि रॉबर्ट हुक या दोघांनी तो रचला. दोघेही शास्त्रज्ञ. स्तंभाच्या पोकळीचा उपयोग आकाश पाहण्याच्या दुर्बिणीसारखा करायचा त्यांचा बेत होता आणि त्यासाठी तळघरात प्रयोगशाळाही ठेवली होती. पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या हादऱ्यांमुळे तो बेत सिद्धीस गेला नाही. आगीत जळालेल्या पहिल्या चर्चच्या जागेवर हा पोर्टलंडच्या दगडाचा स्तंभ उभा राहिला. खर्च आला १३,४५० पौंडांहून थोडा अधिक.

चौथऱ्याच्या पश्चिम बाजूवर केयस गॅब्रिएल सिबर या शिल्पकाराने एक दृश्य कोरले आहे. उद्ध्वस्त लंडन एका खचलेल्या स्त्रीच्या रूपात बसले आहे आणि राजा चार्ल्स तिला आधार देण्यासाठी पुढे आला आहे. त्याच्या मागे त्याचा भाऊ जेम्स आहे. बाकीच्या तीन बाजूंवर लॅटिन लेख आहेत. १६७७ मध्ये स्तंभ पूर्ण झाला, तेव्हा त्या लेखांत आग होती, नुकसानीचे आकडे होते, पुनर्बांधणी होती. कुणावर आरोप नव्हता. आग डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीने उभारलेल्या स्मारकावर कॅथलिकांचे नाव नव्हते, हे विसरता कामा नये.

ओळ कोरली जाते

मग चार वर्षांनी ती ओळ कुठून आली? नवा पुरावा सापडला होता काय? तसे काही घडले नव्हते. नवे होते ते राजकारण. चार्ल्सला औरस संतती नव्हती. त्याच्यानंतर गादी जेम्सकडे जाणार होती आणि जेम्स दरम्यान कॅथलिक झाला होता. त्याला वारसाहक्कातून वगळावे यासाठी १६७९ ते १६८१ या काळात पार्लमेंटमध्ये मोठा झगडा झाला. त्याआधी १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने राजाचा खून करण्याचा कॅथलिकांचा कट असल्याची कहाणी रचली. ती सर्वस्वी बनावट होती. पण तिच्यापायी किमान १५ बेगुनाह माणसे फासावर गेली. १६८५ मध्ये ओट्स खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. फाशी गेलेले अर्थातच परत आले नाहीत.

या उन्मादाच्या भरात, १६८१ मध्ये, लंडनच्या नगरपालिकेने स्तंभावर ती ओळ कोरून घेतली. इंग्रजीतही तशाच अर्थाचा मजकूर चौथऱ्याभोवती बसवला. पुडिंग लेनमध्ये बेकरीच्या जागी उभ्या राहिलेल्या घरावर आणखी एक दगडी पाटी लावली. तिच्यात ह्यूबर्टचे नाव घालून, त्याच्या कबुलीचा दाखला देऊन, दुष्ट कॅथलिकांनी या प्रॉटेस्टंट शहरावर नरक मोकळा सोडला असे सांगितले होते. ज्या कबुलीवर १६६६ मध्ये न्यायाधीशांचाही विश्वास नव्हता, ती १६८१ मध्ये दगडावरचा इतिहास झाली.

आता त्या चौथऱ्याकडे पाहा. पश्चिम बाजूला जेम्स शहराला आधार देणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. उत्तर बाजूची ओळ त्याच्या धर्माच्या लोकांनी शहर जाळले असे सांगते. एकाच दगडाच्या दोन बाजू एकमेकींना खोटे पाडत होत्या. १६८५ मध्ये मनमथच्या ड्यूकने जेम्सविरुद्ध बंड केले, तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यात लंडन जाळण्याचा आरोप खुद्द जेम्सवर होता. चार दिवस घोड्यावर बसून आग विझवणारा माणूस आग लावणारा ठरला. धर्म बदलल्याबरोबर त्याची जुनी सेवाही गुन्ह्यात जमा झाली.

ओळ पुसली जाते

१६८५ मध्ये जेम्स राजा झाला आणि ती ओळ खोडली गेली. १६८८ मध्ये त्याला देश सोडून पळावे लागले. १६८९ मध्ये नव्या राजवटीत ती पुन्हा कोरली गेली आणि या वेळी अक्षरे अधिक खोल कोरली, असे सांगतात. राज्य बदलले की इतिहास बदलायचा, हा खेळ एकाच दगडावर चार वर्षांत दोनदा झाला. राजाच्या हुकमाने पुसलेली ओळ राजाबरोबर परत येते, हाही त्यातला धडा आहे.

याच शहरात १६८८ मध्ये अलेक्झांडर पोप हा कवी जन्मला, तोही स्तंभापासून जवळच, लोंबार्ड स्ट्रीटवर. घराणे कॅथलिक. त्या काळच्या कायद्यांनी कॅथलिकांना लंडनच्या आसपास राहायला, विद्यापीठात शिकायला आणि सरकारी पदावर बसायला मज्जाव होता, म्हणून पोपचे कुटुंब दूर खेड्यात गेले. इंग्रजी भाषेचा हा मोठा कवी आपल्या जन्मगावातल्या स्मारकावर स्वतःच्या समाजाला जाळपोळ करणारा ठरवलेले पाहत मोठा झाला. १७३३ मध्ये एका कवितेत त्याने या स्तंभाला सरळ खोटारडा म्हटले. त्याच्याकडे छिन्नी-हातोडा नव्हता, लेखणी होती.

१७७८ मध्ये कॅथलिकांना थोड्या सवलती देणारा कायदा झाला. त्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डन याने चळवळ उभारली आणि जून १७८० मध्ये लंडनमध्ये भयंकर दंगल झाली. कॅथलिकांची प्रार्थनास्थळे आणि घरे जाळली गेली, न्यूगेटचा तुरुंगही पेटवला गेला आणि सैन्याच्या गोळीबारात शेकडो दंगलखोर मेले. कॅथलिकांनी लंडन जाळले असे सांगणारा दगड उभा होता आणि त्याच्याच शहरात कॅथलिकांची घरे जळत होती. या दंगलीला तो स्तंभ कारण झाला, असे मी म्हणणार नाही. पण शंभर वर्षे सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या आरोपाने मनांची मशागत केली नसेल, असेही म्हणवत नाही.

अखेर १८२९ मध्ये पार्लमेंटने कायदा करून कॅथलिकांना निवडून येण्याचा आणि बहुतेक पदांवर बसण्याचा हक्क दिला. त्यानंतरच, १८३० मध्ये, नगरपालिकेने ती ओळ काढण्याचा ठराव केला आणि अक्षरे छिन्नीने उडवली गेली. यासाठी झटणाऱ्यांत चार्ल्स पिअर्सन हा नगरपालिकेचा सभासद होता. ज्यू लोकांना शहरात दलालीचा परवाना मिळावा म्हणूनही तोच लढला. पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेची कल्पना लावून धरणाराही हाच. त्या ओळीने त्याच्या समाजावर आरोप केलेला नव्हता. तिचा त्याला वैयक्तिक काही त्रास नव्हता. तरी आपल्या शहराच्या स्मारकावर खोटे कोरलेले आहे, याची त्याला लाज वाटली. ज्यांच्यावर तोहमत आहे त्यांनी ती नाकारून भागत नाही. ज्यांच्या नावाने ती ठेवली जाते, त्यांच्यातल्या कुणी तरी उठून ती नाकारावी लागते. लंडनमध्ये ते घडायला दीडशे वर्षे लागली, आणि हक्काचा कायदा आधी व्हावा लागला.

दगडाची जागा

मुंबईच्या वाचकाला येथे १४ एप्रिल १९४४ ची आठवण होईल. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरच्या कापसाला आग लागली आणि पोटातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, डोंगरी-मसजिद बंदरपर्यंतच्या वस्त्यांना हादरे बसले. महायुद्धाचे दिवस होते. जपान्यांनी हल्ला केला, असे अनेकांना वाटले. चौकशीत तो अपघात असल्याचे निष्पन्न झाले. आज १४ एप्रिलला देशभर आठवण होते ती आग विझवताना गेलेल्या ६६ जवानांची. कुणा शत्रूचे नाव त्या दिवसाला चिकटलेले नाही. आपत्तीची आठवण ठेवण्याची ही दुसरी रीत आहे आणि ती आपल्या शहराला साधली, याचे समाधान वाटते.

पुडिंग लेनच्या पाटीचे काय झाले? वाचायला गर्दी जमते आणि रस्ता अडतो म्हणून ती अठराव्या शतकाच्या मध्यास काढली गेली. तिच्यातला मजकूर खोटा आहे, हे कारण कुणी दिले नव्हते. पुढे ती पाटी सापडली आणि आज लंडनच्या शहर-संग्रहालयाच्या ताब्यात आहे. ती फोडून टाकली नाही, हे मला योग्य वाटते. रस्त्यावर होती तेव्हा ती कॅथलिकांविरुद्धचा पुरावा म्हणून वाचली जाई. संग्रहालयात तीच पाटी ती लावणाऱ्यांविरुद्धचा पुरावा झाली. अक्षर तेच आहे, जागा बदलली आहे. स्तंभावरची ओळ तेवढी काढली, स्तंभ ठेवला. पाटी रस्त्यावरून हलवली, पण जपली. स्मारके पाडायची की ठेवायची असा वाद जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा या दोन दगडांकडे पाहावे.

१९८६ मध्ये लंडनच्या बेकरीवाल्यांच्या जुन्या संघाने पुडिंग लेनमध्ये एक नवी पाटी बसवली. राजाचा बेकरीवाला फॅरिनर याचे दुकान येथे जवळच होते आणि त्या दुकानातून १६६६ ची आग सुरू झाली, एवढेच तिच्यात आहे. तिच्यात कट नाही, परका नाही, धर्म नाही. पुडिंग लेनमधल्या कुणालाही पहिल्या रात्रीच जे सांगता आले असते, ते पाटीवर यायला ३२० वर्षे लागली.

त्या पाटीवर ह्यूबर्टचे नाव नाही, आणि त्या मोलकरणीचेही नाही. स्तंभाच्या माथ्यावर ज्वाळा सोनेरी आहेत आणि दुरून सुंदर दिसतात. खाली चौथऱ्यावर, जिथून ती ओळ छिन्नीने उडवली, तिथे काहीच लिहिलेले नाही. ह्यूबर्टसाठी शहराकडे एवढीच जागा आहे.